सगळ्या लाइनीची कोमाद्रे

“नाही,” एल्विरा म्हणाली, आणि तोंडातून गेल्यावर मग तो शब्द तिला ऐकू आला. बोटं मुकादमिणीच्या पिवळ्या एप्रनच्या मधल्या बटणावर होती, ती तिथंच थांबली. समोर निळ्या एप्रनमध्ये नोएमी उभी होती, केस जाळीत कोंबलेले, हातात लॉकरची किल्ली. तिनं विचारलं होतं ते इतकंच, की बाई, माझ्या लेकराची माद्रीना व्हाल का. धर्माची आई व्हा असं विचारल्यावर माणूस काय करतं? डोळ्यांत पाणी आणतं, विचारणारीला जवळ घेतं, बाप्तिस्मा कोणत्या शनिवारी, झगा कोण शिवणार, मेणबत्ती कोण आणणार असं विचारायला लागतं. अगदीच जमणार नसेल तर आजारी पडतं, गावी निघून जातं. पण नाही म्हणत नाही. चर्चमध्ये लेकराला पाण्याखाली धरायला चक्क नकार देणारी बाई या शहरात कुणी पाहिली नव्हती, एल्विरानंही नाही. आता काहीतरी जोडायला हवं होतं, की अगं, या महिन्यात नाही, किंवा मला जरा विचार करू दे. पण तेवढ्यात नोएमीच म्हणाली, “बरं. असू दे, बाई.” तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं किल्ली खिशात टाकली, जाळीतून सुटलेली एक बट आत ढकलली आणि ती कामावर गेली. पलीकडे इमेल्दा आरशासमोर ओठ रंगवत होती. तिनं ऐकलं की नाही ते तिच्या पाठीवरून कळत नव्हतं. एल्विरानं उरलेली बटणं लावली.

घंटा झाली, पट्टा सरकू लागला आणि चार नंबरच्या लाइनीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. टीव्हीच्या आत बसणारी सर्किटं. रंगीत पट्ट्यांचे बारीक दाणे भोकांत बसवायचे, पाटी उलटी करायची, डाग द्यायचा, पुढं ढकलायची. एल्विरा हात मागे बांधून स्टुलांच्या मागून चालत राहिली. बाहेर मार्चचं वारं सुटलं होतं, सगळ्या शहरावर वाळू उडत होती, येताना बसमध्ये सगळ्यांच्या दातांखाली कचकच होत होती. इथं आत मात्र बारा महिने तोच पांढरा उजेड आणि तोच गारवा. पोरगी हुशार आहे, एल्विराच्या मनात आलं. बरोबर आजचा दिवस साधला. काल संध्याकाळी इंजिनिअर बाराहासनं आपल्याला वर बोलावलं आणि आज सकाळी हिला लेकराचा बाप्तिस्मा आठवला. आल्यापासून कधी आठवला नव्हता तो. असं मनात आलं की जरा बरं वाटायचं, कारण मग तो ‘नाही’ रास्त ठरायचा. पण ते बरं वाटणं स्टुलांच्या रांगेच्या टोकापर्यंतसुद्धा टिकत नव्हतं. टोकाला नोएमी बसायची.

काल बाराहासनं तिला खुर्ची दिली होती. तो तसा वाईट माणूस नाही. मोंतेर्रे शहरातला, कोवळा, बायकांच्या वाढदिवसाला स्वतःच्या खिशातून केक आणणारा. म्हणाला, शेजारची नवी इमारत तयार झाली, सरहद्दीपलीकडच्या साहेबांनी कामाचं प्रमाण वाढवलं, आता धुलाईची खोली मोठी होणार. डाग देऊन झालेल्या पाट्या औषधात बुडवून धुवायच्या त्या खोलीला आजवर एक टाकी होती, आता रांगेनं टाक्या बसणार, आणि प्रत्येक लाइनीनं एक बाई तिकडं द्यायची. कायमची. “उद्या सुटायच्या आधी नाव सांग, एल्विरा. लाइन तुझी, निवड तुझी.” एखादी भेटवस्तू पुढं करावी तसं तो बोलला. ती बरं म्हणून उठली. आणि त्याच्या केबिनीपासून जिन्यापर्यंत पोचायच्या आत नाव ठरलंही होतं. ठरवायची वेळच आली नव्हती. अख्ख्या लाइनीत तिची कोमाद्रे नसलेली, जिच्या लेकराची ती माद्रीना नव्हती, अशी एकच होती, ती म्हणजे नोएमी.

हे असं होऊन बसलं त्याला एल्विरानं काही केलं नव्हतं. पिवळा एप्रन अंगावर चढला त्याच महिन्यात पहिलीनं विचारलं, बाई, माझ्या पोरीची माद्रीना व्हा. ती हरखून गेली. मग दुसरीनं विचारलं. मग केतानं जुळ्यांसाठी विचारलं, म्हणजे एका फटक्यात दोन. एकदा पोराची माद्रीना झालं की पोराच्या आईची कोमाद्रे झालं, आणि कोमाद्रेशी कुणी आवाज चढवून बोलत नाही. कालपर्यंत जिला ‘ए, तू’ म्हटलं तिला आजपासून ‘अहो, तुम्ही’. इमेल्दा उशिरा आली तर काय म्हणायचं? “झोप नीट लागली ना, कोमाद्रे?” इतकंच. केतानं दाणे उलटे बसवले तर स्वतः खाली बसून सुलटे करायचे आणि वर म्हणायचं, “उजेड कमी पडतोय का हो तुम्हाला?” दुसऱ्या लाइनींवरच्या पिवळ्या बायका ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायच्या आणि चार नंबरच्या लाइनीत मात्र दरबार भरल्यासारखी अहो-जाहो चालायची. बाराहास चिडवायचा, की तुझ्या लाइनीत मुकादम कोण आहे तेच कळत नाही. बायकांनी आपल्याला दोरीनं बांधून ठेवलंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलंच कळत होतं. निळ्या एप्रनमध्ये होतो तेव्हा कुणाला आपली आठवण आली नव्हती, हेही कळत होतं. तेव्हा विचारलं होतं एकट्या चायोनं, तिच्या पहिल्या दिवसापासूनच्या मैत्रिणीनं.

तरी प्रत्येक वेळी ती हो म्हणाली. झगे तिनंच शिवले, पांढरे, लेस लावलेले, पायांच्या कितीतरी खाली लोंबणारे. पाद्रीनं पाणी ओतलं की पोर तिच्या दंडावर कळवळून ओरडायचं, तिच्या ब्लाउजमध्ये डोकं खुपसायचं, आणि त्या एका घटकेला ते तिचं असायचं. चर्चबाहेर गल्लीतली पोरं नाणी उधळण्याची वाट बघत कल्ला करायची. मग फोटो. घरात पलंगाच्या वरची अख्खी भिंत तिनं त्या फोटोंनी भरली होती. मकारियो गेल्यापासून त्या घरात तेवढीच माणसं होती. मकारियो म्हणजे तिचा नवरा. तो सरहद्दीची नदी ओलांडून पलीकडं कामाला गेला, आधी दर शनिवारी यायचा, मग नाताळला, मग तिकडचाच झाला. त्याचाही तिला आता राग येत नसे. दोघं दुरांगोकडून आगगाडीनं आली होती तेव्हा इथं सगळा कापूस होता आणि कापसाच्या खुंटांमध्ये पत्र्याची एकच शेड. कामाच्या आशेनं मकारियो शेडच्या फाटकाशी उभा राहिला आणि फाटकावरच्या माणसानं त्याच्या खांद्यावरून तिच्याकडं बघितलं. पुरुष नकोत, पोरी हव्यात, बारीक बोटांच्या. मकारियोनं स्वतःच्या हातांकडं बघितलेलं तिला आठवतं. ते हात तसे लहानच होते, पण ते कोण बघतो. पुढं एका शेडच्या चार झाल्या, चारांच्या किती झाल्या कुणास ठाऊक, कापूस गेला, डोंगराच्या उतारावर लाकडी खोक्यांच्या फळ्यांची घरं चढत गेली, पहाटे सगळ्या वाटांनी बायकाच बायका उतरायला लागल्या आणि दारांत बसलेले पुरुष त्यांच्याकडं बघत राहिले. मकारियो त्यांच्यातलाच एक होता, फार दिवस.

त्या पहिल्या शेडमध्ये तिला आधी धुलाईतच घातलं होतं. तिला आणि चायोला. तेव्हा खोली कसली, पडदा लावलेला कोपरा. औषधाचा वास गोड, नासायला आलेल्या खरबुजासारखा, सुरुवातीला आवडायचासुद्धा. दुपारपर्यंत डोकं हलकं व्हायचं. कारण नसताना दोघींना हसू फुटायचं, इतकं की चायो टाकीच्या कडेला धरून खाली बसायची. औषध चढलं, असं म्हणायच्या त्या. संध्याकाळी कपाळ ठणकायचं, बोटांची सालं निघायची. एल्विराला तेव्हा दिवस गेले होते. चौथा महिना चालू होता, पोट दिसत नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं, चायोलासुद्धा नाही. सांगितलं तर नोकरी जाते हे तेव्हाही पोरींना कुणी शिकवावं लागत नसे. आणि मग एका मंगळवारी कारखान्याच्या संडासात ते गेलं. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, होतं असं, तरुण आहात. पुढं काही झालंच नाही. औषधामुळं झालं का? तसं कुणी म्हणालं नाही. शेजारीच चायो त्याच टाकीत हात घालून उभी असायची, तिला पाच झाली, पाचही धडधाकट, एक तर फुटबॉल खेळतो. म्हणून एल्विरा कुणाला काही बोलली नाही. बोलायचं तरी काय, माझंच अंग खोटं की औषध खोटं? इतकी वर्षं झाली, आता तिचं तिला तरी कुठं ठाऊक होतं? पण धुलाईच्या खोलीवरून जाताना ती अजून श्वास धरून चालायची. आणि काल जिन्यापर्यंत पोचायच्या आत तिनं त्याच खोलीसाठी नोएमीचं नाव ठरवून टाकलं होतं. तरुण आहे. एक पोर आहे, गावी आजीपाशी. परमनंट झालेली नाही. कारणं एकापाठोपाठ एक अशी सुचली की जणू कुणी आधीच रचून ठेवली होती.

जेवणाच्या सुट्टीत चायोनं चांदीच्या कागदातला बुरितो सोलला आणि टेबलावर कोपरं टेकली. “काय हो कोमाद्रे, तोंड असं का? बाराहासनं मुका घेतला की घेतला नाही?”

टेबल खिदळलं. एल्विरा म्हणाली, “जेवा तुम्ही.”

“जेवतेच आहे. माझं तोंड दोन्ही कामं करतं.” चायोनं मोठा घास घेतला आणि बोलतच राहिली. “तुम्ही ऐकलंत का, त्या धुलाईत म्हणे आता मुखवटे देणार. नाकातोंडावर, डुकरासारखे. मला जर तिकडं टाकलं ना, तर मी मरेन. औषधानं नाही हो, न बोलून.”

“तुम्हाला कशाला टाकतील?” इमेल्दानं हनुवटीनं कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. “जाणारीण ती बघा तिकडं बसलीय.”

“कोण, नोएमी?”

“मग? अख्ख्या लाइनीत बिनकोमाद्रेची दुसरी कोण आहे?”

पुन्हा हसू झालं, जरा बेताचं. सगळ्या एल्विराकडं न बघता हसल्या. कोपऱ्यात नोएमी एकटी बसून संत्रं सोलत होती, सालीचा तुकडा नाकाशी धरत होती. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. एल्विरानं तोंड उघडायच्या आधी, तिला स्वतःला पुरतं कळायच्या आधी, अख्ख्या लाइनीला माहीत होतं की ती कुणाचं नाव देणार. आणि नोएमीलाही माहीत होतं. एल्विराला खूप लाज वाटली. नाव वाईट निवडलं याची नव्हे. आपण काय करू ते इतकं सहज सांगता यावं, याची. तिनं ताटली बाजूला सरकवली. चायो तिच्या ताटलीतली मिरची उचलून म्हणाली, “खाणार नाही ना? मग मी खाते,” आणि खाल्ली.

जेवणानंतर पट्टा पुन्हा सुरू झाला तेव्हा एल्विरा टोकाच्या स्टुलापाशी जाऊन वाकली, डाग तपासायला वाकावं तशी. वर गाण्याचा भोंगा लागलेला होता, त्याखाली बोललेलं शेजारणीलासुद्धा ऐकू जात नसे.

“सकाळचं मनावर घेऊ नकोस. मला बरं नव्हतं.”

“नाही घेतलं, बाई.”

“केवढा झाला मुलगा?”

“तीनचा होईल आता.” नोएमीनं एक डाग दिला, फुंकर घातली. “त्याचा बाप्तिस्मा झालाय. चाळीस दिवसांचा होता तेव्हाच. माझी मावशी माद्रीना आहे त्याची.”

एल्विरानं पुढची पाटी हातात घेतली, उजेडाकडं धरली, परत ठेवली. “मग सकाळी तू...”

“मी त्याचं नव्हते बोलत.”

नोएमीचा हात थांबला नव्हता. दाणा, भोक, उलटी, डाग. एप्रनचं खालचं बटण तिनं लावलं नव्हतं हे एल्विराला आत्ता दिसलं. आणि संत्र्याची साल. सकाळी बसमध्ये तोंडावर धरलेला रुमाल, तो वाळूसाठी असं वाटलं होतं. कितवा, असं तिनं विचारलं तेव्हा तिचा स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

“चौथा.”

“आणि नर्स?” दर महिन्याला पोरींना नर्सपुढं रांग लावून पाळी आल्याचं दाखवावं लागे.

“निभावलं. एकीनं तिचं दिलं दाखवायला. कोण ते विचारू नका.” तिनं पाटी पुढं ढकलली. “पुढच्या महिन्यात परमनंट होईन. मग सहजासहजी काढता येत नाही त्यांना. तेवढे दिवस गेले पाहिजेत.”

“मग मला सरळ सांगायचंस की गं.”

आता नोएमीनं पहिल्यांदा वर बघितलं. “तुम्हाला कसं सांगू? तुम्ही पिवळ्या. पिवळ्या बाईला कळलं की तिनं वर कळवायचं, ते तुमचं कामच आहे. मी तुम्हाला अडचणीत का टाकू?” मग मान खाली घालून म्हणाली, “कोमाद्रेला कळलं तर तिनं कुणाला सांगायचं नसतं.”

एल्विरा सरळ उभी राहिली. कंबरेत कळ आली. पोरगी हुशार आहे, सकाळचं वाक्य परत मनात आलं, पण आता त्यात तो कडवटपणा धरेना. हा डाव नव्हता का? होता की. बाईला अडकवायचं आणि स्वतःला वाचवायचं, सरळ डाव. पण मग माद्रीना असते तरी कशाला? आईचं काही बरंवाईट झालं तर पोराला उचलणारी म्हणूनच ना तिला चर्चमध्ये उभं करतात? केता, इमेल्दा, बाकीच्या सगळ्या, पिवळा रंग बघून आल्या असतील, असू देत. थंडीत माणूस शेगडीकडं सरकतं, शेगडीनं त्याचं वाईट का वाटून घ्यायचं? इतकी वर्षं आपण मनात एकच मोजत बसलो, की यांना आपण हव्या आहोत की आपला एप्रन. आणि ही पोरगी सकाळी सगळ्यांत मोठं गुपित ओंजळीत घेऊन आपल्यापुढं उभी राहिली, आणि आपण नाही म्हणालो. एल्विराला मोठ्यानं रडावंसं वाटलं. इतक्या वर्षांपूर्वी संडासात एकटी बसलेली ती बावीस वर्षांची मुलगी आठवली आणि तिच्यासाठी रडू आलं, जे तेव्हा आलं नव्हतं. तिनं नाक ओढलं, एप्रनच्या खिशातून रुमाल काढला. कुणी बघितलंच तर डागाचा धूर गेला म्हणता आलं असतं.

पण नाव द्यायचं होतं. ती पुन्हा स्टुलांच्या मागून चालू लागली, आणि आता तिला नुसत्या माना दिसत होत्या. जाळीखालच्या, वाकलेल्या, घामेजलेल्या. इमेल्दाचं दुसरं लग्न नुकतं झालेलं. केता सुट्टीत संडासात जाऊन दूध पिळून टाकते. त्या पलीकडची एकोणीस वर्षांची. तिच्या पलीकडची, जी गेला आठवडाभर गप्प आहे, ती का गप्प आहे? कुणाच्या पोटात काय आहे हे मानेवरून कसं कळणार? आज नोएमीचं कळलं, ते तिनं सांगितलं म्हणून. अख्ख्या लाइनीत एकीचीच एल्विराला पक्की खात्री होती. पाचव्यानंतर चायोनं शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि दवाखान्यातून आल्या दिवशी कॅंटीनमध्ये स्टुलावर चढून जाहीर केलं होतं, की बायांनो, दुकान बंद. चायो. एल्विरा निळ्या एप्रनमध्ये असताना, तिच्याकडून मिळण्यासारखं काही नसताना, आपली थोरली पोर तिच्या दंडावर ठेवून ‘हिला धर, तुझ्याशिवाय कुणाला देऊ’ म्हणणारी चायो. जी दिवसभर बोलली नाही तर मरेल म्हणते, आणि ते फारसं खोटं नाही. एल्विरानं पुन्हा सुरुवातीपासून माना बघितल्या. पुन्हा तिथंच आली.

चायोला सगळं सांगावं, हे तर सगळ्यांत आधी मनात आलं. तिनं छातीवर हात मारला असता आणि म्हणाली असती, मग मीच जाणार. त्यात शंकाच नव्हती. पण चायोच्या कानात गेलेलं जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन नंबरच्या लाइनीला पोचायचं. त्यात तिचा काही दुष्टपणा नसे, इमेल्दाचा साखरपुडा इमेल्दाच्या आईआधी तिनं नाक्यावरच्या पाववाल्याला सांगितला तो आनंदानं सांगितला होता. नोएमीचं हे पोर तिच्या तोंडात एक दिवससुद्धा टिकलं नसतं.

पाण्याच्या नळापाशी एल्विरानं तिला गाठलं. चायो कागदी पेला भरत होती.

“कोमाद्रे, मी धुलाईसाठी तुमचं नाव देतेय.”

चायो हसली. मग पेला भरून सांडायला लागला, तो तिनं काढला नाही. “थट्टा करताय.”

“नाही.”

“मी काय केलं?”

“काही नाही. तुम्ही काही केलं नाही.”

“मग? बाराहासनं माझं नाव घेतलं? बोलते म्हणून? मी आजपासून गप्प बसते, बघा.”

“त्यानं नाही. मीच.”

चायोनं नळ बंद केला. तिचे हात लाल, जाड, सांधे सुजलेले. “कारण तरी सांगा, कोमाद्रे. तुमच्याबरोबर पडदा लावलेल्या कोपऱ्यात दोन वर्षं मी हात भाजून घेतले. तुम्हाला ताप असला की तुमच्या पाट्यासुद्धा मी धुवायची. कारण असेल तर सांगा, मी जाईन.”

ते ओठांपर्यंत आलं होतं. एक शब्द पुरला असता. एल्विरानं चायोच्या तोंडाकडं बघितलं, त्या मोठ्या, कधी न मिटणाऱ्या, लाडक्या तोंडाकडं, आणि ती गप्प राहिली. ज्या गोष्टीला कारण नाही तिला माणूस जसा गप्प राहतो तशीच ती दिसत असणार, हे तिला कळत होतं.

“बरं,” चायो म्हणाली. तिनं पेला चुरगळून टाकला. “तुला पिवळा शोभतो हो, एल्विरा.” आणि पाठ वळवून गेली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ‘तू’ आलं नव्हतं.

वर बाराहासनं चायोचं नाव ऐकून भुवया उंचावल्या. “ती? ती तर तुझी जुनी मैत्रीण ना?” मग तो खूश झाला. “बघ, मी सगळ्यांना म्हणत होतो, एल्विरा भिडेला बळी पडते. आज तू मला खोटं पाडलंस.” त्यानं हस्तांदोलनाला हात पुढं केला. तो गार आणि मऊ होता. एल्विरा खाली आली.

सुटेपर्यंत लाइनीत कुजबुज तिच्यापुढं एक स्टूल आधी थांबायची आणि ती गेल्यावर तिच्यामागं पुन्हा सुरू व्हायची. कपडे बदलायच्या खोलीत तिच्याभोवती मोकळी जागा राहिली. केतानं जुळ्यांच्या नव्या दातांचं काही सांगितलं नाही. फाटकाबाहेर वाऱ्याचा जोर वाढला होता, समोरचा डोंगर वाळूत दिसेनासा झालेला, बसगाड्यांचे दिवे दिवसाउजेडी लागलेले. शेजारी नव्या इमारतीच्या भिंती अजून रंग न दिलेल्या, कोऱ्या, आणि तिच्या पलीकडं आणखी एका इमारतीचा पाया खणलेला. बायका तोंडावर ओढण्या घेऊन घोळक्यानं उभ्या होत्या. मध्ये चायो, आणि इमेल्दा तिच्या खांद्यावर हात ठेवून. एल्विरा घोळक्याच्या बाहेर उभी राहिली. चायोनं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. उद्या, परवा, पुढच्या महिन्यात नोएमी परमनंट झाली की सांगू, एल्विरानं मनाशी म्हटलं. पण तोवर चायो ते ऐकून घेईल का, आणि ऐकलं तरी तिला पटेल का? मागून सांगितलेलं कारण सबबीसारखंच ऐकू येतं. तोवर त्या टाकीपाशी चायो मुखवटा घालून एकटी, न बोलता, काय काय विचार करत उभी असेल. डोक्यात आलेलं ते दृश्य एल्विराला घालवता येईना.

तेवढ्यात फाटकातून नोएमी बाहेर आली. कुणाचं नाव गेलं ते तिला आत्ताच कळलं असावं, कारण ती धावत होती, एक हात पोटाशी धरून, वाऱ्याला आडवी, आणि एल्विरा दिसताच तिनं ओरडून हाक मारली.

“कोमाद्रे!”

सगळी तोंडं वळली. चायोचंही वळलं, सवयीनं, जणू तिलाच बोलावलं होतं. मग तिनं बघितलं की हाक कुणी मारली आणि कुणाला मारली. एल्विराला तिच्या चेहऱ्यावर हिशेब जुळताना दिसला. सकाळपर्यंत बिनकोमाद्रेची असलेली पोरगी, आणि संध्याकाळी चायोचं नाव. असं होतं तर. इतक्या स्वस्तात. इमेल्दाचा हात खांद्यावरून गळून पडला तरी चायो तशीच बघत राहिली, आणि त्या बघण्यात अजूनही थोडी जागा होती, एल्विराला ती स्पष्ट दिसत होती. हाक ऐकू आलीच नाही असं एल्विरानं दाखवावं. वारा होता. कुणालाही खरं वाटलं असतं. नोएमीची समजूत उद्या काढता आली असती. चायो नुसती तेवढ्याची वाट बघत होती, आणि ते मिळालं असतं तर तिनं बाकीचं सगळं कदाचित माफ केलं असतं.

नोएमी अजून धावतच होती, वाळूत, खणलेल्या चराच्या काठानं. एल्विरानं तोंडावरची ओढणी खाली ओढली, नीट ऐकू जावं म्हणून. वाळू तोंडात गेली.

“आले, कोमाद्रे,” ती मोठ्यानं म्हणाली. “आले मी. पळू नका.”